चपलांपाशी राहिलेलं बोलणं

मला एका जागी बसून शिकवता येत नाही. फळ्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत अशी मी वर्गात येरझाऱ्या घालत असते, आणि दारापाशी पोचले की उगाचच बाहेरच्या चपलांवर नजर टाकते. आमचा क्लास झाशीच्या सदर बाजारात, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. खाली ऑटोवाले सवाऱ्यांसाठी ओरडत असतात आणि वर मी जर्मन शिकवते. झाशीत जर्मन कशाला, असं लोक आधी विचारायचे. आता विचारत नाहीत. नर्सिंग केलेल्या मुलींना तिकडच्या हॉस्पिटलांत नोकऱ्या मिळतात हे आता जिल्ह्यात टहरौलीपासून गुरसरायपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं आहे. अट एकच, भाषेची परीक्षा पास व्हायला हवी. त्यामुळे पंचवीस-तीस मुली, दोनचार मुलं आणि मी, असे आम्ही रोज सकाळी त्या एका खोलीत कोंडून घेतो.

कोंडून हा शब्द मी मुद्दाम वापरला. दारावर मी स्वतःच्या हातानं कागद चिकटवला होता: इथून आत फक्त जर्मन. हे माझं शिक्षणाचं तत्त्वज्ञान. पुण्यात मी जर्मन शिकले आणि मग शिकवायलाही शिकले, तेव्हा आमच्या बाई सांगायच्या की भाषा शिकवायची नसते, माणसाला त्या भाषेत राहायला जागा करून द्यायची असते. मला ते इतकं पटलं होतं की मी त्याचा धर्मच केला. मातृभाषेची कुबडी काढून घ्या, माणूस आपोआप चालायला लागतो, असं मी प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी ऐटीत ऐकवायची. कुणी हिंदीत तोंड उघडलं की मी बोटानं दाराकडे दाखवायची. हिंदी चपलांपाशी ठेवून या, असा त्याचा अर्थ होता आणि तो सगळ्यांना कळायचा.

क्लासचे संचालक आधी बँकांच्या परीक्षांची तयारी करून घ्यायचे. त्यांना ही सगळी माझी थेरं वाटायची. त्यांच्या मते परीक्षेत येणारे विषय ठरलेले असतात, तर प्रत्येक विषयाचं उत्तर लिहून द्यावं आणि पाठ करून घ्यावं. "मैडम, फिलॉसफी बाद में, पहले रिजल्ट," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यावर मी त्यांना दहा मिनिटांचं व्याख्यान द्यायची, ते मोबाईल बघत ऐकून घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी दोघं आपापल्या जागी ठाम. रिजल्ट बरे लागत होते म्हणून ते मला सहन करत होते. मीही त्यांना सहन करत होते, कारण झाशीत जर्मन शिकवायला दुसरी खोली नव्हती.

मग ती आली. टहरौलीच्या पुढच्या एका खेड्यातली, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, इथल्या एका नर्सिंग होममध्ये ड्युटी करणारी. वाचायला हुशार, लिहायला नेटकी, ऐकून समजण्यात तर वर्गात पहिली. पण बोलायची वेळ आली की मूग गिळून बसायची. मी प्रश्न विचारला की ती माझ्याकडे इतक्या आदरानं बघायची की मला कानकोंडं व्हायचं. तिला समजलेलं असायचं, शब्दही येत असायचे, पण बाहेर काही पडायचं नाही. "मैडम जी" एवढं तिच्या ओठांवर यायचं, आणि ते जर्मन नाही हे लक्षात आल्यावर तेही ती गिळायची.

परीक्षा दिल्लीला असते. ती पहिल्यांदा गेली तेव्हा वाचन, लेखन, श्रवण तिन्ही पास झाली आणि बोलण्यात नापास. तिथल्या बाईंना नमस्कार केला, स्वतःचं नाव सांगितलं आणि पुढे गप्प. तिकडच्या हॉस्पिटलनं तिची जागा राखून ठेवली होती, पण दिवाळीपर्यंतच. तोवर बोलण्याची तेवढी परीक्षा एकदाच पुन्हा देता येणार होती. ती पास झाली तर जाणार, नाहीतर नर्सिंग होमच्या त्याच जिन्यावर त्याच बादल्या.

मला तिचा राग यायला लागला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण येत होता. माझी सगळी पद्धत उभी होती ती माणूस शेवटी बोलतोच या भरवशावर, आणि ही बोलत नव्हती. मग मी पद्धती बदलायला लागले. एका आठवड्यात चित्रं दाखवून बोलायचं, दुसऱ्या आठवड्यात खोटा टेलिफोन, तिसऱ्यात दुकानदार आणि गिऱ्हाईक. दर सोमवारी माझं तत्त्वज्ञान नवं असायचं. रात्रंदिवस डोक्यात तेच. भाजी घेताना मी भाजीवाल्याशी कसं बोलते, काय आधी बोलते, हे पाहायला लागले आणि दोनदा सुटे पैसे परत घ्यायचे विसरले. ती मात्र चित्र बघायची, रिसीव्हर कानाला लावायची, गिऱ्हाईक व्हायची, आणि गप्प राहायची.

त्या दुपारी वर्ग सुटला होता. खिडकीची कडी नीट लागत नाही, तिच्याशी मी झगडत होते. दाराबाहेर मुली चपला घालत होत्या आणि कुणीतरी बोलत होतं. आवाज इतका मोकळा, इतका खणखणीत होता की नवी कुणी चौकशीला आलीय असं मला वाटलं. बुंदेली चालली होती, भरधाव.

"अरे, हमाई तो बिदाई हो गई ती. पूरे गाँव ने माला पैराई, बैंड आओ तो, कक्का रो रये ते. अब कौन मौं से गाँव जाएँ? सबखों लगत है हम जर्मनी में हैं."

कडी सोडून मी दाराशी आले. तीच होती. एका पायात चप्पल, दुसरी हातात, आणि बाकीच्या सगळ्या तिच्याभोवती.

"बुआ फोन करत हैं तो हम अस्पताल की सफेद भीत के आंगे ठाड़े हो जात. बुआ पूछत हैं, बिन्ना, उतै ठंड है? हम कहत, हओ बुआ, बर्फ गिर रई. और पाछें से टिकिया वाला चिल्ला रओ."

मुली भिंतीला टेकून हसत होत्या. ती थांबेना. मागच्या आठवड्यात म्हणे गावचे प्रधानजी, म्हणजे सरपंच, सदर बाजारात समोरून आले. ही तोंडावर ओढणी घेऊन खालच्या चष्म्याच्या दुकानात शिरली आणि ते जाईपर्यंत एकामागून एक चष्मे लावून आरशात बघत बसली. दुकानदार विचारायला लागला की दिसतं का काही. ही म्हणाली, प्रधानजी दिसताहेत, दुसरा दाखवा.

मीही हसले, आणि त्या सगळ्या एकदम गप्प झाल्या. तिनं दुसरी चप्पल पायात सरकवली, मान खाली घातली आणि जर्मनमध्ये मला निरोपाचा नमस्कार केला. उच्चार अगदी शुद्ध होता.

घटना एवढीच. नोकरीचं पत्र आलं, गावाला वाटलं झालं, ही निघाली. परीक्षा अजून बाकी आहे हे तिच्या आईवडलांना ठाऊक होतं, पण बँड येऊन उभा राहिल्यावर ते तरी काय बोलणार. आमच्या भागात एखाद्याला वाजतगाजत पोचवून आलं की तो पोचला. तेव्हापासून ती झाशीत भाड्याच्या खोलीत लपून राहत होती, सहा महिने स्वतःच्या गावापासून दोन तासांवर, जर्मनीत. दिवाळीपर्यंत तिला खरोखर जायचं होतं. न जाता गावी परतायला तिच्याकडे वाट उरली नव्हती.

त्या दिवशी मी घरी पायी गेले. ऑटोत बसवेना. ही मुलगी मुकी नव्हती, उलट आमच्या सगळ्या वर्गात तिच्याइतकं बोलता येणारं कुणी नव्हतं. तिच्याजवळ सांगण्यासारखं जे काही होतं ते दाराबाहेर चपलांपाशी राहत होतं, कारण मी तसा नियम केला होता. आत येताना ती रिकामी होऊन यायची, आणि मी त्या रिकामपणाला प्रश्न विचारत होते की तुझा आवडता ऋतू कोणता.

आणि मग घराच्या दारात चप्पल काढताना मला हसू आलं, पण ते बरं हसू नव्हतं. हा नियम मी पुण्यात शिकले असं मी पंचवीस वर्षं सांगत आले होते. पण हा तर माझ्या बापाचा नियम.

आम्ही झाशीतले मराठी. कारकुनीच्या निमित्तानं सात-आठ पिढ्यांपूर्वी इकडे आलो आणि राहिलो. गल्ली हिंदी, शाळा हिंदी, भांडणं बुंदेली. पण अप्पांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, कायदा होता: उंबऱ्याच्या आत मराठी. एक हिंदी शब्द तोंडून निघाला की ते बोटानं दार दाखवायचे. मारायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. बोट दाखवायचे. आम्ही बाहेर जाऊन, थोडं उभं राहून, मराठीत विचार करून परत यायचो. हिंदी बोलणारा कुणी भेटायला आला तर अप्पा त्याच्याबरोबर उंबऱ्याबाहेरच्या ओट्यावर बसायचे. रेल्वेच्या हिशेब-कचेरीत त्यांची सगळी नोकरी हिंदीत झाली, पण ती हिंदी त्यांनी घरात आणली नाही.

त्यामुळे आमची मराठी टिकली, हे खरं आहे. काय टिकलं तेही सांगते. आम्ही घरात जेवणाखाण्याचं बोलायचो, आजारपणाचं बोलायचो, सणवाराचं बोलायचो. शाळेत कुणी माझी वेणी ओढली, भाऊ कुणाशी मारामारी करून आला, मला कोण आवडायला लागलं, हे सगळं हिंदीत घडायचं, आणि ते मराठीत आणता आणता त्यातला जीव जायचा. म्हणून आम्ही ते आणायचंच सोडून दिलं. भाऊ तर कॉलेजात असताना घरात दिवसाला पाच वाक्यं बोलायचा. आता तो नोएडात असतो, अप्पा आणि मी इथे. त्याचा मुलगा इथे आला की आजोबांचं सगळं समजतं त्याला, पण मान हलवून उत्तर देतो.

बरं, इतकं राखून पुण्याला गेले तर तिथल्या मुलींनी विचारलं, तू हिंदी का गं? स्वयंपाकघराला मी मुदपाकखाना म्हणाले तेव्हा तर त्यांना वाटलं मी ऐतिहासिक नाटकात काम करते. तेव्हा खूप लागलं होतं. म्हणूनच असेल, जर्मन मला जवळची वाटली. तिथे सगळेच परके होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारावरचा कागद फाडला. शांतपणे काढायला हवा होता, पण चिकटपट्टी निघेना आणि मला धीर नाही. मुलींना सांगितलं की आजपासून आधी जे सांगायचं ते आपापल्या बोलीत सांगा, सगळ्यांनी नीट ऐका, हसायचं तर हसा, आणि मग तेच जर्मनमध्ये सांगा. पहिला आठवडा वर्गाची मंडई झाली. बुंदेली सुरू व्हायची आणि जर्मनपर्यंत पोचायचीच नाही. दोन मुलींनी संचालकांकडे तक्रार केली की मैडम आजकल पढ़ाती नहीं, किस्से सुनती हैं. संचालक वर आले, दारावरचा कागदाचा उरलेला तुकडा पाहिला आणि म्हणाले, "मैडम, आपकी फिलॉसफी फिर बदल गई?"

मला झोंबलं, कारण खरं होतं. खिडकीशी जाऊन मी पुन्हा ती कडी ओढायला लागले. माझ्या या अस्वस्थपणाचे पैसे मुली भरतात का, असं मनात आलं आणि ते दिवसभर गेलं नाही. नियम होता तेव्हा निदान मी ठाम होते. आता रोज सकाळी जिना चढून होईपर्यंत आज काय करायचं ते ठरत नसायचं.

ती मात्र, जिच्यासाठी हे सगळं केलं, तीच वर्गात बोलेना. कागद निघाला होता, पण मी होतेच. माझ्यासमोर तिची बुंदेलीही शुद्ध व्हायची, शाळेतल्या हिंदीसारखी, आणि आखडून जायची. परीक्षेला थोडेच दिवस उरले होते. मी तिला म्हटलं, दुपारी घरी ये, तुझी वेगळी तयारी करून घेते.

पहिल्या दुपारी मी क्लासमधून यायला उशीर केला. संचालकांशी वाद चालला होता, तोच नेहमीचा. घराच्या मागच्या दारानं शिरले, कारण पुढच्या गल्लीत खोदकाम होतं. स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलं आणि पुढच्या ओट्यावरून आवाज ऐकू आला. तिचाच, चपलांपाशी ऐकलेला, तोच भरधाव. ती अप्पांना बिदाईची गोष्ट सांगत होती. जर्मन कशी असते हे अप्पांना दाखवायला मध्येच एखादं वाक्य जर्मनमध्ये टाकत होती, आणि अप्पा, ब्याऐंशी वर्षांचे, "ईको का मतलब भओ?" असं विचारत होते. मग ती समजावून सांगायची, पुन्हा जर्मनमध्ये म्हणून दाखवायची, मोठ्यानं, कारण अप्पांना कमी ऐकू येतं. ती चुकत होती. क्रियापदं वाटेल तिथे पडत होती. पण ती बोलत होती, एका बहिऱ्या म्हाताऱ्याला जर्मनीचा बर्फ समजावत होती.

मी चहाकडे लक्ष देऊन उभी राहिले. पुढे गेले असते तर ते थांबलं असतं.

आणि तेव्हा मी दुसरं काही ऐकलं. अप्पा हसले. अप्पा हसतात, नाही असं नाही, पण ओठ मिटून. हे हसणं पोटातून आलेलं होतं, खोकल्यापर्यंत गेलेलं. मग लेकीबाळींना म्हणतात तसं बिन्ना म्हणून ते तिला म्हणाले,

"बिन्ना, तुम तो भली हौ, झाँसी में लुकी हौ. हम तो गुरसराय में लुके ते."

ती म्हणाली, "आप काए लुके ते कक्का जी?"

आणि अप्पा सांगायला लागले. ही बुंदेली मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. कचेरीची हिंदी ऐकली होती, कोरडी, जपून बोललेली. ही तशी नव्हती. हिच्यात हेल होते, सोंगं होती, मध्येच थांबून पुढच्याला ताटकळत ठेवणं होतं. मी गॅस बारीक केला.

ते विशीत होते. पुण्याला एका कचेरीत नोकरी लागली. सगळं झाशीतलं मराठी मंडळ स्टेशनवर पोचवायला आलं, हातात नारळ, डब्यात लाडू. आपला मुलगा आपल्या मुलखात परत चालला म्हणून लोकांच्या डोळ्यांत पाणी. अप्पा पुण्यात उतरले, कचेरीत गेले, आणि पहिल्याच दिवशी सगळी कचेरी त्यांच्या मराठीला हसली.

"इतै हमने मौं खोलो, उतै बे हंसे. साब तक हंसे, चपरासी तक हंसो." अप्पांनी साहेबाच्या हसण्याची नक्कल केली, मग शिपायाच्या. "तीन दिना रये हम. फिर रेल में बैठ गए. अब झाँसी उतरें तो कौन मौं से उतरें? लड्डू तक खतम नईं भए ते."

म्हणून ते झाशीला उतरलेच नाहीत. कसेबसे गुरसरायला एका मित्राकडे पोचले आणि तिथे लपले. घरी पत्रं पाठवायचे पुण्याची. पुण्यात पाऊस आहे, पुण्यात सगळं ठीक आहे. गुरसरायला कुणी ओळखीचं दिसलं की मित्राच्या धान्याच्या कोठीत.

"फिर? फिर घरै कैसें आए?" तिनं विचारलं.

चहा उतू गेला. फडकं शोधताना माझ्या हातून भांडं पडलं. मग लपण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी कप ट्रेमध्ये ठेवून पुढे आले. मी उंबऱ्यावर दिसले मात्र, अप्पांचे ओठ मिटले. त्यांनी चष्मा नाकावर वर सरकवला आणि मला म्हणाले, "चहा झाला का? साखर कमी घातलीस ना?"

मराठी शुद्ध होती, एकही शब्द इकडचा नव्हता.

मी ट्रे खाली ठेवला. मला कुणाचा तरी भयंकर राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. लहानपणी ज्या बोटानं आम्हाला शंभरदा बाहेर काढलं ते कुठून आलं होतं हे मला आत्ता, पन्नाशी ओलांडल्यावर, एका परक्या मुलीच्या निमित्तानं समजत होतं. आम्हाला कुणी हसू नये म्हणून. आणि पुण्यात मला हसलेच होते, ते मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. पुण्याहून मीही पत्रं लिहायची, सगळं ठीक आहे.

त्यानंतर मी तिला शिकवलं असं म्हणता येणार नाही. रोज दुपारी ती ओट्यावर अप्पांना जर्मन सांगायची आणि मी आत बसून, म्हणजे आत फिरत, ऐकायची. चुका कानावर यायच्या आणि मी दात आवळून धरायची. ती निघाली की त्यातल्या दोन-तीन तिला सांगायची, जास्त नाही. तिची गोष्ट रोज थोडी सुधारत होती. अप्पा रोज नवा प्रश्न काढायचे, आणि ती उत्तर द्यायची. त्यांची गोष्ट मात्र अर्धीच राहिली. तिनं दोनदा विचारलं तर अप्पा म्हणाले, तुमाई परीक्षा हो जान दो.

दिल्लीहून तिचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. मुलींना हात करून दाराबाहेर आले आणि चपलांच्या गर्दीत उभी राहिले.

"मैडम जी, उनने विषय दिया, आपके यहाँ का कोई समारोह. हमने बिदाई सुना दी." मागे गाड्यांचे भोंगे वाजत होते. "वो दोनों मैडम हंसीं. फिर एक ने पूछा, बुआ अब भी फोन करती हैं? हमने कहा, हाँ, कल ही किया था. बर्फ बढ़ गई है."

आपण पास होणार हे तिला बहुतेक माहीत होतं. निकाल नंतर लागला आणि ती पास झाली. भरपूर मार्क नव्हते, पण पास. संचालकांनी खाली फलकावर तिचा फोटो लावायचा ठरवला तर तिनं हात जोडले. फोटो प्रधानजींनी पाहिला तर? म्हणून आमच्या क्लासच्या सगळ्यात गाजलेल्या निकालाची जाहिरात झालीच नाही. संचालक म्हणाले, अगली बैच को यही किस्सा लिखवा देते हैं, रट लेंगी. मी हसले. मग भीती वाटली, कारण ते खरंच तसं करतील. आणि मी स्वतः तरी काय करत होते? पुढच्या बॅचला कोणता नियम लावायचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही. काही दिवशी मी बुंदेली थांबवते, काही दिवशी तासभर चालू देते. काही मुली खुलतात, काही त्या गोंगाटात हरवतात. मला पुन्हा ठाम व्हायचं आहे आणि होता येत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ती भेटायला आली. या वेळी बँड नव्हता. गावाच्या हिशेबानं ती केव्हाच गेली होती, म्हणून आईवडीलच गुपचूप झाशीला आले होते. तिनं ओट्यावर अप्पांच्या पाया पडून विचारलं, "कक्का जी, बा बात तो रै गई. गुरसराय से घरै कैसें आए?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारातच होते. "लौट कें आओ, तब बताहैं," ते म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती रडली. मग ओढणी तोंडावर घेऊन गल्लीतून गेली, सवयीनं.

मी आत आले. अप्पाही काठी टेकत उंबरा ओलांडून आत आले आणि आपल्या खुर्चीत बसले. मी देवापाशी दिवा लावला. मी उगाच पुस्तकं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर ठेवत होते, पाण्याचा तांब्या भरलेला असताना पुन्हा भरत होते. त्यांनी विचारलं, जेवायला काय आहे. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, गोळ्या घेऊन ठेवल्यास का. मी हो म्हटलं. आमचं सगळं बोलणं झालं, रोज होतं तेवढं.

ब्याऐंशी वर्षं. आणि ती परत येईल तेव्हा सांगणार म्हणे.

मी त्यांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले. ओठांवर आलेलं मी एकदा गिळलं. त्या दिल्लीच्या खोलीत पहिल्यांदा तिचं काय झालं असेल ते मला कळलं.

"अप्पा," मी म्हटलं, "फिर का भओ?"

त्यांचं बोट उचललं गेलं. जन्माची सवय, ते दाराकडे वळायलाही लागलं. मी हलले नाही. बोट तसंच हवेत राहिलं, मग खाली आलं, आणि त्यांनी त्याच बोटानं समोरचा पाट दाखवला.

"पैलां बैठ तो जाओ, बिन्ना."

मी बसले.